ओळखीचा आवाज

वाचकहो, एक प्रश्न विचारतो. एखाद्या माणसाला आपण कधी पाहिलेले नाही. तो आपल्या गावचा नाही, नात्यातला नाही. आपले त्याच्याशी काही देणेघेणे नाही. तरीसुद्धा त्याच्यावर आपला जीव जडतो. असे होते का?

तुम्ही म्हणाल, "छे! असं कसं होईल?"

पण असे झाले आहे. एकाचे नव्हे, लाखो माणसांचे झाले आहे. रेडिओवर बोलणाऱ्या माणसांवर लोकांनी असा जीव लावला. त्यांचे तोंड कधी पाहिले नाही, पण आवाज हजारात ओळखला.

रेडिओवर कार्यक्रम सांगणाऱ्याला निवेदक म्हणतात. मैदानावरचा खेळ जो बोलून सांगतो त्याला समालोचक म्हणतात. आज आपण अशा दोघांची गोष्ट वाचू. एक हॉकीचा समालोचक, दुसरा आपल्या मुंबईचा निवेदक.

कानांनी पाहिलेला खेळ

१५ मार्च १९७५. मलेशिया देशात क्वालालंपूर नावाचे शहर आहे. तिथे हॉकीच्या विश्वचषकाचा शेवटचा सामना होता. भारत आणि पाकिस्तान समोरासमोर उभे होते.

त्या काळी खेड्यांत टीव्ही नव्हता. सगळा भरवसा रेडिओवर. ज्याच्या घरी रेडिओ, त्याच्या ओसरीवर गर्दी. रेडिओला चिकटून बसलेली माणसे श्वास रोखून ऐकत होती.

हॉकी हा फार वेगाचा खेळ. चेंडू या टोकाला आहे म्हणेपर्यंत त्या टोकाला जातो. तो डोळ्यांनी टिपणेच कठीण. मग बोलून सांगणे किती कठीण! ते काम जसदेवसिंग हिंदीतून करीत. चेंडू गोलाजवळ आला की त्यांचा आवाज चढे. आवाज चढला की ऐकणारा बसल्या जागी उठून उभा राही. चेंडू मागे गेला की आवाज उतरे, नि ऐकणाराही खाली बसे.

त्या दिवशी पहिला गोल पाकिस्तानने केला. मग सुरजितसिंगने बरोबरी साधली. त्यानंतर अशोककुमारने चेंडू मारला. हा अशोककुमार म्हणजे हॉकीचे मोठे खेळाडू ध्यानचंद यांचा मुलगा. चेंडू गोलाच्या खांबाला लागला आणि परत मैदानात आला. गोल झाला की नाही? पाकिस्तानचे खेळाडू म्हणाले, झाला नाही. पंचांनी सांगितले, झाला. भारताने तो सामना २–१ असा जिंकला आणि विश्वचषक घरी आणला.

मैदानावरच्या लोकांना हे डोळ्यांनी दिसले. ओसरीवरच्या लोकांना डोळे कुठले? समालोचकाचे डोळे तेच त्यांचे डोळे. त्याने खरे सांगितले तर त्यांना खरे कळणार. म्हणून ज्याच्यावर विश्वास ठेवला, त्याच्यावर लोकांचे प्रेमही बसले.

जसदेवसिंग यांचा जन्म १९३१ सालचा. १९४८ साली गांधीजींची अंत्ययात्रा निघाली. तिचे वर्णन मेलव्हिल डी मेलो यांनी रेडिओवरून इंग्रजीत सांगितले. ते ऐकून या मुलाने ठरवले की हेच काम आपण हिंदीतून करायचे. लोकांना त्यांच्या भाषेत सांगायचे. पुढे त्यांनी नऊ ऑलिंपिकचे खेळ लोकांना ऐकवले. २००८ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. २५ सप्टेंबर २०१८ रोजी ते वारले. तेव्हा ज्यांनी त्यांना कधी पाहिलेही नव्हते, अशी माणसे हळहळली.

जसदेवसिंग दिल्लीत राहत. पण आवाजावर जीव लावण्याची आणखी मोठी गोष्ट आपल्या मुंबईत घडली. ती आता ऐका.

परीक्षेत न बसलेला आवाज

२१ डिसेंबर १९३२ रोजी मुंबईत एका डॉक्टरांच्या घरी मुलगा जन्मला. त्याचे नाव अमीन. आडनाव सयानी. थोरला भाऊ हमीद रेडिओवर इंग्रजीत बोलत असे. त्याचे बोट धरून लहानगा अमीन रेडिओच्या केंद्रात गेला आणि तिथलाच झाला.

तुम्हांला वाटेल, आवाज गोड होता, म्हणून लगेच नाव झाले असेल. तसे नाही झाले. अमीन आधी इंग्रजीत कार्यक्रम करी. हिंदीतून बोलायची इच्छा झाली, म्हणून त्याने हिंदीच्या आवाजाची परीक्षा दिली. परीक्षेत तो उतरला नाही. सांगण्यात आले की तुझ्या हिंदीत गुजराती आणि इंग्रजीची ढब येते.

दुसरा कोणी असता तर रडत बसला असता. अमीनने बोलणे सुधारले. हिंदीचे कार्यक्रम होत असत तिथे तो जाऊन बसे, ऐके, शिके. चुकले तर पुन्हा म्हणे.

मंडळी, पाटीवर "ज्ञ" काढताना आपला हात किती वेळा चुकला होता, आठवते ना? मोठ्या माणसांचेही असेच असते. पहिल्या खेपेला जमत नाही, म्हणून कोणी लहान होत नाही.

आईची शाळा

अमीनला साधी भाषा कोणी शिकवली? त्याच्या आईने. ही हकिगत आपल्यासारख्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी.

अमीनच्या आईचे नाव कुलसुम सयानी. त्या काळी मुंबईत लाखो माणसांना अक्षरओळख नव्हती. बायकांचे तर विचारूच नका. पुष्कळ मुसलमान बायका पडद्यात राहत. त्या शाळेत कशा येणार? मग कुलसुमबाईंनी शाळाच त्यांच्या दारी नेली. घरोघर जाऊन बायकांना शिकवायची सोय केली. मोठ्या माणसांना साक्षर करण्याच्या कामात त्यांनी सारा जन्म घातला.

काम करताना त्यांना एक अडचण दिसली. माणूस अक्षरे तर शिकतो. पण पुढे वाचायचे काय? मोठी पुस्तके त्याला झेपत नाहीत. मुलांची पुस्तके त्याला पोरकट वाटतात. वाचायला काही नसले की शिकलेली अक्षरेही पुसून जातात.

म्हणून १९४० साली त्यांनी नवसाक्षरांसाठी एक छोटे पत्र काढले. त्याचे नाव "रहबर". रहबर म्हणजे वाट दाखवणारा. ते देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत छापले जाई. लिपी तीन, पण बोली एकच, आणि तीही अगदी साधी. बाजारात, रस्त्यावर लोक बोलतात तशी. गांधीजींना हे काम पसंत होते. ते पत्र १९६० पर्यंत चालले.

या पत्राच्या कामात अमीन आईला मदत करी. कठीण शब्द आला की तो काढायचा आणि सोपा घालायचा. लांब वाक्य आले की तोडून दोन करायची. नव्याने वाचायला शिकलेल्या माणसाला कळले पाहिजे, हीच कसोटी. रेडिओवरची आपली साधी भाषा या कामातून आली, असे अमीन सयानी पुढे म्हातारपणीही सांगत.

पाहा, आज तुम्ही हातात धरले आहे तसल्याच एका वाचनपत्राच्या पोटी हा आवाज घडला. शिकणाऱ्यांनीच शिकवणाऱ्याला बोलायला शिकवले.

बुधवारची रात्र

१९५२ साल उजाडले. त्या सुमारास सरकारी रेडिओवर सिनेमाची गाणी फार कमी झाली. लोकांनी शास्त्रीय गाणे ऐकावे, असे त्या वेळचे मंत्री बाळकृष्ण केसकर यांचे मत होते. मत चांगल्या हेतूचे असेल. पण लोकांना सिनेमाची गाणी हवी होती. त्यांनी रेडिओची खुंटी फिरवली आणि दुसरे केंद्र लावले.

ते केंद्र म्हणजे रेडिओ सिलोन. सिलोन म्हणजे आजची श्रीलंका. मुंबईपासून कोलंबो शहर सुमारे १,५०० किलोमीटर लांब. इतक्या लांबून आवाज कसा येई?

आकाशात फार उंचावर हवेचा एक थर असतो. तो विजेने भारलेला असतो. रेडिओच्या लघुलहरी वर जातात, त्या थरावर आपटतात आणि दूरवर खाली येतात. भिंतीवर चेंडू मारला की तो उलटून येतो, तसेच. पण हा थर सारखा बदलत असतो. म्हणून आवाज मध्येच मोठा होई, मध्येच बारीक होई. समुद्राच्या लाटेसारखा येई नि जाई. ज्यांनी सिलोन ऐकले आहे, त्यांना ती खरखर अजून आठवते.

३ डिसेंबर १९५२ पासून दर बुधवारी रात्री आठ वाजता सिलोनवर एक कार्यक्रम लागू लागला. त्याचे नाव "बिनाका गीतमाला". बिनाका ही दात घासायची पेस्ट. ती विकणारी कंपनी कार्यक्रमाचा खर्च देई. कार्यक्रमाचे बोलणे मुंबईतच फितीवर भरले जाई. ती फीत विमानाने कोलंबोला जाई आणि तिथून आवाज पुन्हा आपल्याकडे येई. बोलणारा होता आपला अमीन. वय वीस वर्षांचेही पुरते झाले नव्हते. मेहनताना आठवड्याला २५ रुपये. त्यात लिहायचेही त्यानेच, बोलायचेही त्यानेच, आणि आलेली पत्रे पाहायचीही त्यानेच.

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी या भागांत तेव्हा कामगारांच्या चाळी होत्या. कोकणातून, घाटावरून पोटासाठी आलेली माणसे तिथे राहत. तुमच्यापैकी कोणाचे काका-मामाही असतील. चाळीत रेडिओ एखाद्याच घरी. बुधवारी रात्री त्या घराचे दार उघडे राही. ज्याला आत जागा मिळेना, तो गॅलरीत उभा राही. गिरणीतून दमून आलेला माणूसही जेवण बाजूला ठेवून ऐकत असे.

पत्रांचा पाऊस

सुरुवातीला ही एक स्पर्धा होती. कार्यक्रमात सात गाणी वाजत. त्यांचा क्रम ऐकणाऱ्यांनी लावायचा आणि पत्राने कळवायचा. बक्षीस १०० रुपयांचे. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रे आली. पुढे हा आकडा आठवड्याला ६५,०००पर्यंत चढला.

६५,००० म्हणजे किती? चला, हिशेब करू. एक माणूस मिनिटाला एक पत्र वाचतो असे धरा. तो दिवसाला आठ तास बसला, तर ४८० पत्रे होतील. ६५,००० पत्रे वाचायला त्याला १३५ दिवस लागतील. आणि तेवढ्यात पुढचे एकोणीस आठवडे येऊन जातील!

इतकी पत्रे आवरणे कठीण झाले. म्हणून १९५४ साली स्पर्धा बंद झाली. त्याऐवजी आठवड्यातली लोकांची आवडती गाणी क्रमाने लावू लागले. खालच्या पायरीपासून सुरुवात आणि सर्वांत वर पहिले गाणे. अमीन पायरीला "पायदान" म्हणे. पहिले गाणे कोणते, हे शेवटपर्यंत कळत नसे. तोवर कोणी जागचा हलत नसे.

क्रम कसा ठरे? कोणत्या गाण्याच्या तबकड्या जास्त खपल्या, ते दुकानांतून विचारत. पण दुकानातला माल संपला तर? गाणे लोकांना हवे असूनही खप थांबे. मग गावोगावच्या श्रोता संघांचेही मत घेऊ लागले. श्रोता संघ म्हणजे रेडिओ ऐकणाऱ्यांचे मंडळ. अशी शेकडो मंडळे देशात उभी राहिली. दर आठवड्याला ती आपली यादी टपालाने पाठवीत.

झारखंडात झुमरी तिलैया नावाचे गाव आहे. ते अभ्रकाच्या खाणींचे गाव. तिथल्या लोकांनी गाण्यांच्या फर्माइशींची इतकी पत्रे पाठवली की गावाचे नाव देशभर झाले.

यातली खरी गोष्ट ध्यानात घ्या. मत मोजताना शेठजीचे पत्र आणि हमालाचे पत्र यांत फरक नव्हता. दोन्हींचे वजन सारखे. थेंबे थेंबे तळे साचे, तसे एकेका कार्डाने गाणे वर चढे. पण ज्याला लिहिता येत नव्हते, त्याचे मत कुठे गेले? ते त्याच्या मनातच राहिले.

लोकांनी जीव का लावला?

गोड आवाजाची माणसे पुष्कळ असतात. सगळ्यांवर लोक जीव लावत नाहीत. मग याच्यावर का लावला? आम्हांला तीन कारणे दिसतात.

पहिले कारण म्हणजे त्याने मान दिला. सभेत बोलणारे आधी भावांना हाक मारतात, मग बहिणींना. अमीन "बहनो और भाइयो" म्हणे. बहिणी आधी! चुलीपाशी बसून ऐकणाऱ्या बाईला वाटे, हा पहिल्याने आपल्याशी बोलतो आहे.

दुसरे कारण म्हणजे तो साधे बोलला. विद्वत्ता दाखवली नाही. एका मित्राने दुसऱ्याला सांगावे तसे तो सांगे. गाणे गाणारी कोण, लिहिणारा कोण, चाल कोणाची, हे गोष्टीसारखे सांगे. त्यामुळे पडद्यामागची माणसेही लोकांना माहीत झाली.

तिसरे कारण म्हणजे तो नेमाने आला. आठवडा चुकला नाही. सिलोनवरचा हा कार्यक्रम तीन तपांच्या आसपास चालला आणि पुढे काही वर्षे विविध भारतीवरही झाला. घरात लग्ने झाली, मुले झाली, म्हातारी माणसे गेली. बुधवारचा आवाज तोच राहिला. असा आवाज घरातलाच होऊन बसतो.

आपल्या मराठीतले आवाज

मराठीतही असे आवाज होऊन गेले. मुंबई केंद्रावर "पुन्हा प्रपंच" नावाचा कार्यक्रम लागे. त्यात बाळ कुडतरकर काम करीत. ते लोकांना शेजारचेच वाटत. पुण्याचे बाळ ज. पंडित यांनी क्रिकेटचा खेळ मराठीतून सांगितला. इंग्रजी न येणारा शेतकरीही त्यामुळे गोलंदाज, फलंदाज, षटक असे शब्द बोलू लागला. "आपली आवड" या कार्यक्रमात गाण्याबरोबर श्रोत्यांची नावे वाचली जात. आपल्या गावाचे नाव ऐकले की ओसरीवर आनंदीआनंद होई.

मुंबईला लोकल गाडीने बोरिवलीला उतरलात, तर पश्चिमेला गोराई रस्ता लागतो. तिथल्या इमारतीतून बरीच वर्षे विविध भारतीचे कार्यक्रम होत असत. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली. लोकांना आवडणारी गाणी सरकारी रेडिओवर परत आली. फौजी जवानांसाठी "जयमाला" लागे. सीमेवरचा जवान कार्ड पाठवी आणि त्याचे गाणे घरच्या माणसांनाही ऐकू येई. श्रोत्यांची पत्रे वाचून उत्तरे द्यायला "पत्रावली" नावाचा वेगळा कार्यक्रमही झाला. देशाच्या कानाकोपऱ्यातले टपाल बोरिवलीच्या पत्त्यावर येई. कोणी ख्यालीखुशाली लिही, कोणी चूक दाखवी, कोणी नुसतेच लिही, "तुमचा आवाज ऐकला, बरं वाटलं."

एक कार्ड

आता आमच्या वर्गातली एक गोष्ट सांगून हा पाठ पुरा करतो.

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक मावशी येत. त्या मुलुंडला लेकाकडे राहत. त्यांना रेडिओचे फार वेड. गाण्याच्या फर्माइशीचे कार्ड त्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून लिहून घेत. एकदा ते गाणे लागले. मावशी पुढे सरसावून बसल्या. पण नाव वाचले गेले ते दुकानदाराचे! त्याने कार्डावर स्वतःचेच नाव घातले होते. मावशींना काय कळणार? त्यांना कार्ड वाचता येत नव्हते.

पुढच्याच आठवड्यात त्या वर्गात आल्या. म्हणाल्या, "मला बाकी काही नको. कार्ड लिहायला शिकवा."

सहा महिने लागले. एके दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने कार्ड लिहिले. ओळी वाकड्या होत्या. एक वेलांटी चुकली होती. आम्ही ती सुधारायला गेलो, तर म्हणाल्या, "राहू द्या. कळतंय ना? मग झालं."

काही महिन्यांनी आम्ही विचारले, "मावशी, नाव आलं का हो?"

त्या हसल्या. "नाही आलं. पण कार्डावर नाव माझंच होतं, ते मी बघितलंय."

अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत वारले. वय ९१ वर्षांचे होते. सरकारने २००९ साली त्यांना पद्मश्री दिली होती. पण त्यांचा मोठा मान तो नव्हे. घरोघरची माणसे त्या दिवशी म्हणाली, "आपल्यातला एक गेला." त्यांनी लोकांना बहिणी-भाऊ म्हटले होते. लोकांनी ते नाते खरे केले.

वाचकहो, तुमचाही कोणी आवडता निवेदक असेल, शिक्षक असेल, कीर्तनकार असेल. त्याचे काम आवडले, तर मनात ठेवू नका. लिहून कळवा. आता तुमच्या हातात अक्षर आहे.

शब्दांचे अर्थ

निवेदक – रेडिओवर कार्यक्रम सांगणारा.
समालोचक – चालू खेळाचे वर्णन करून सांगणारा.
श्रोता – ऐकणारा.
लघुलहरी – लांबवर जाणाऱ्या रेडिओच्या लहरी.
फीत – आवाज भरून ठेवण्याची पट्टी.
तबकडी – गाणे भरलेली गोल काळी चकती.
फर्माइश – "हे गाणे लावा" अशी मागणी.
तप – बारा वर्षांचा काळ.

प्रश्न

१. हॉकीचा खेळ बोलून सांगणे कठीण का असते?
२. अमीन सयानी हिंदीच्या परीक्षेत उतरले नाहीत. मग त्यांनी काय केले?
३. "रहबर" पत्र कोणासाठी होते? ते किती लिप्यांत छापत?
४. सिलोनचा आवाज कधी मोठा, कधी बारीक का होई?
५. मावशींनी चुकलेली वेलांटी सुधारू दिली नाही. तुम्हांला काय वाटते? वर्गात बोला.

सराव

एक पोस्टकार्ड घ्या. ज्याचा आवाज तुम्हांला आवडतो, त्याला चार ओळी लिहा. काय आवडले ते लिहा. काय आवडले नाही, तेही लिहा. खाली आपले पूर्ण नाव आणि गाव लिहा. कार्ड पेटीत टाकण्यापूर्वी एकदा स्वतः मोठ्याने वाचा.